दोन डीव्हीडींचा निकाल

जुन्या जपानी रोबोटपटाच्या सस्त्या अन् महागड्या अशा दोन डीव्हीडींत महागडी जिंकली. हा निकाल तुम्ही ऐकलाच नाही असं समजा, कारण पिंपळगाव राजा या गावच्या तौसिफनं दोन्ही अजून लावूनच पाहिल्या नव्हत्या.

ब्लॉगवर गुण द्यायला त्यानं वर्षभर वाट पाहून त्या मिळवल्या, अन् अब्बांनी रोही, म्हणजे नीलगायी, चकाकीनं पळवून लावायला बीटी कपाशीत टांगल्या.

“अब्बा, सिनेमे हायेत ते!”

“असतीन बे. महागडीकडची कपाशी शाबूत हाये, सस्तीकडची रोह्यायनं खाल्ली. लिही तसंच.”

तौसिफनं डीव्हीडींवरचे ओरखडे पाहिले अन् तसंच लिहिलं. खाली एक ओळ जोडली :


“जपानी कंपनीस नम्र विनंती, की पुढील आवृत्ती पेरणीपूर्वी, एकरी चाळीस नग, सुतळीसह काढावी. मधले भोक आहे तसेच ठेवावे.”