तात्यांची हरकत

सहा वाजायला थोडाच वेळ उरला होता आणि नियम अजून जिवंत होता. ग्रंथपालबाई वाचनालयाच्या काउंटरवर लॅपटॉपसमोर उभ्याच होत्या, बसवतच नव्हतं. शेजारी त्यांची नणंद पुस्तकांवर शिक्के मारायचं सोडून पडद्यात डोकावत होती.

बाई ज्या प्रकल्पात होत्या, तो होता फुकट सॉफ्टवेअर बनवणाऱ्या हौशी लोकांचा. पगार कुणालाच नाही, त्यामुळे ऐकतही कुणी कुणाचं नाही. प्रत्येक जण एकेका सॉफ्टवेअरचं पॅकेज बांधतो, म्हणजे ते कुणाच्याही संगणकावर सुखाने चालेल असं करून देतो. बाईंनी नियम मांडला होता : प्रत्येक पॅकेजला दोन सांभाळणारे हवेत, एकट्याचं पॅकेज पुढच्या आवृत्तीत घ्यायचं नाही. मागे कीबोर्डचं पॅकेज बिघडलं, तेव्हा ते सांभाळणारे तात्या दवाखान्यात होते. वाचनालयातल्या संगणकांवर कित्येक दिवस एक अक्षर टाइप होईना. वाचक हात हलवत परत गेले. ते बाईंच्या मनाला फार लागलं होतं.

प्रकल्पात मतदान नसायचं. सहापर्यंत कुणाची हरकत आली नाही की नियम पक्का. एकाची जरी आली, तरी सगळं मुसळ केरात.

"हरकत नाही", "हरकत नाही", पटापट निरोप येत होते. फक्त तात्या गप्प होते. प्रकल्प त्यांनीच सुरू केलेला, आणि आपल्या पॅकेजला ते कुणाला बोट लावू देत नसत. या नियमावरून बाईंचं आणि त्यांचं चांगलंच वाजलं होतं.

तेवढ्यात पडद्यावर तात्या उगवले.

"हरकत"

एवढंच. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बघितलंस? घातलाच शेवटी खोडा!" त्या दणादण टाइप करू लागल्या : 'तुमच्या हट्टापायी...'

नणंदेने त्यांचं मनगटच धरलं. "वहिनी, थांब ना जरा! ते अजून काहीतरी लिहितायत."

पडद्यावरचे ठिपके हलले. थांबले. पुन्हा हलले.

"नाही"

दोघी एकदम किंचाळल्या. वाचकांनी माना वर केल्या. ज्यांना इतकी वर्षं गप्प बसवलं, त्यांच्यासमोर खुद्द ग्रंथपालबाई उड्या मारत होत्या. नियम पास झाला होता!

मग तात्यांचा तिसरा निरोप आला.

"मध्येच एंटर दाबला गेला. इतका वेळ दुसऱ्या सांभाळणाऱ्याचं नाव भरत होतो. जी माझ्याशी एवढं भांडते, ती माझं पॅकेज वाऱ्यावर सोडायची नाही, म्हणून तुझंच घातलंय. तुझी काही हरकत?"