चुन्याचे दगड

बिळाच्या तोंडाशी वाळल्या मिरच्यांचा धूर कोंडला होता. आत पिल्लं खोकत होती. अगदी माणसाच्या लेकरांसारखी खोकत होती, तरी उकंडरावाच्या माणसांना हसू येत होतं.

लांडगीण बाहेर झेपावली ती आंधळी होऊनच. त्यांतल्या पुंजाजीनं तिच्या पाठीत कुऱ्हाड घातली. मागचे पाय गेले. पळायचं सोडून ती पुढच्या पायांवर फरफटत पुन्हा बिळाकडेच वळली. दुसरा घाव डोक्यात बसला.

तेवढ्यात देवस्थळी मास्तर धावत आले. पुण्याच्या कॉलेजातला माणूस. लांडगे काय खातात, कुठं निजतात, पिल्लं कशी वाढवतात, हे वहीत लिहायला दोन महिने वडनेरच्या माळावर राहुटी ठोकून होता. मास्तर सरळ बिळावर आडवे पडले.

"मारू नका! अजून दूध पिणारी पिल्लं आहेत!"

"म्हून तं आत्ताच माराची," उकंडराव म्हणाला. "माह्या तेरा बकऱ्या खाल्ल्या याच्या मायनं. सरका."

मास्तर सरकले नाहीत. खांद्यावर काठी बसली आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दोघांनी पायाला धरून त्यांना बाजूला ओढलं. मग बोरीच्या काटेरी फांदीनं एकेक पिल्लू बाहेर काढलं, शेपटीला धरलं आणि खडकावर आपटलं. चार पिल्लं. चौथं दोनदा आपटावं लागलं. एक विडी ओढून होईस्तोवर सगळं आटोपलं.

"कुणी दाखवलं तुम्हाला हे?" मास्तरांनी जमिनीवरूनच विचारलं.

"तुमीच." उकंडरावानं एका पांढऱ्या दगडाला लाथ मारली. "दर दहा पावलांवर गोटा, त्याले चुना. आंधळा बी येईन की मास्तर! चला रे, भाकर खाऊन घ्या. मंग नाल्यापल्याडच्या गोट्यांच्या रांगीनं दुसऱ्या बिळावर जाऊ."

माणसं विहिरीवरच्या निंबाखाली जाऊन बसली. लांडगीण बांबूला टांगून त्यांनी सोबतच नेली.

माळावरची दोन्ही बिळं एकट्या कडूबा धनगराला ठाऊक होती. त्याच्या घरात लांडग्यावर काठी उचलायची रीत नव्हती. वर्षाला दोन-चार कोकरं जायची, तो लांडग्याचा हिस्सा, असं बाप सांगायचा, आणि गेलेल्या कोकराबद्दल घरात कुणी रडायचं नाही. कुणाला सांगणार नाही, अशी शपथ घालून त्यानं मास्तरांना बिळं दाखवली होती. मास्तरांनी शपथ पाळली. पण शहरच्या माणसाला सगळं गवत सारखंच. रोज सकाळी वाट चुकायची. म्हणून त्यांनी खुणेचे दगड मांडले, आणि लांबून दिसावेत म्हणून त्यांना चुना फासला. हुशारीच ती!

मेंढरं टाकून कडूबा धापा टाकत आला. त्यानं रक्त पाहिलं, चुना फासलेला दगड पाहिला.

"मी कुणाजवळ बोललो नाही कडूबा. आईशपथ."

कडूबानं त्यांच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं धोतर-कोटातल्या माणसावर हात उचलला होता. मग त्याचाच आवाज फुटला.

"शिकेल माणूस ना तुमी? मी तुमाले एकट्याले दाखवलं होतं. तुमी साऱ्या गावाले रस्ता काहून बांधून देल्ला?"

मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, खांद्याच्या दुखण्यानं की लाजेनं, कोण जाणे. "पलीकडची पिल्लं उचलून नेऊ या का?"

"माय आत हाये, ते नरडं फोडीन. उठा, गोटे उचला."

नाला ओलांडून ते चढावर आले. विहिरीकडून हसण्याचा आवाज येत होता. मास्तरांनी एका हातानं पहिला दगड उचलून नाल्यात फेकला. कडूबानं दुसरा फेकला, तिसरा फेकला. पाचव्याशी त्यानं मागे वळून पाहिलं.

परवा अवकाळी सर येऊन गेली होती. चुना धुपून मातीत उतरला होता. दगड गेला तरी काळ्या जमिनीवर भाकरीएवढं पांढरं वर्तुळ तसंच होतं. मास्तर टाचेनं ते पुसू लागले, तर ते आणखीच पसरलं.

"चला रे!" विहिरीवरून उकंडरावाची हाक आली.

कडूबानं खांद्यावरचं काळं घोंगडं काढलं आणि समोरच्या वर्तुळावर नीट पसरलं. पुढे बिळापर्यंत अजून तीस दगड होते.