चेटकिणीचे गोल खडे

चेटकिणीने अनिशला सतराव्यांदा ठार मारलं. त्याने एक शिवी हासडली आणि तीच लढत पुन्हा सुरू केली. तळहातावर मावणारा तो गेम भिंतीवर आपटावासा वाटत होता, पण तो मिळवण्यासाठी त्याने ठाण्यातली चार दुकानं पालथी घातली होती.

गेममध्ये एक राजपुत्र रानावनांतून हिंडायचा आणि वाटेत त्याला राक्षस भेटायचे. तलवार चालवायची तर पटावरचे एका रंगाचे तीन खडे एका ओळीत आणायचे. तांबडे जुळले की शत्रूवर घाव बसतो, हिरवे जुळले की आपली जखम भरते. अनिशने पंधरा दिवसांत अकरा राक्षस लोळवले होते आणि कोपरीतल्या मित्रांसमोर त्याबद्दल यथेच्छ मिरवूनही झालं होतं. ही बारावी चेटकीण मात्र त्याला पाणी पाजत होती.

"दे इकडे," त्याची धाकटी बहीण दक्षता म्हणाली. ती यंदा दहावीला होती आणि रविवारी दुपारी अभ्यास सोडून काहीही करायला तयार असायची. तिने चार मिनिटांत चेटकिणीचा निकाल लावला.

"यात काय एवढं कठीण होतं रे? तिच्या शापाने सगळे खडे गोल झालेत, बस. आधी तांबडा चौकोनी होता, हिरवा तिकोनी. आता रंग बघून लाव."

"यातला तांबडा कुठला?" अनिशने विचारलं.

दादा आपली फिरकी घेतोय असं तिला वाटलं. तिने एका खड्यावर बोट ठेवलं, मग शेजारच्या हिरव्यावर. अनिश दोन्हीकडे सारखाच बघत राहिला आणि मग त्याने मान फिरवली. तेवीस वर्षांचा घोडा, पण चेहरा असा पडला की दक्षताला हसू फुटेना.

मग तिला आईचे बांगडे आठवले. आई बाजारात मासळी विकायची. गेल्या वर्षी ती तापाने अंथरुणाला खिळली, तेव्हा पहाटे माल आणायला अनिश गेलेला. कल्ला उघडायचा, आत लालभडक दिसला की मासा ताजा, हे कोळ्याच्या घरात पोर चालायला लागायच्या आधी शिकतं. अनिशने एकेक कल्ला उघडून बघितला होता आणि तरी पाटीभर शिळा माल आणला होता. सगळ्या आळीने त्याला महिनाभर पिडलं. त्याच्या डोळ्यांत काही उणं असेल, हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

उद्या अनिशची रेल्वेची मेडिकल होती. लेखी परीक्षा तो पास झाला होता. डोळ्यांचा एक दाखला लागत होता, तो ओळखीने मिळाला होता. मेडिकल पार पडली की इंजिनात सहायक चालक म्हणून नोकरी. आईने एकवीरेला नवस बोलून ठेवला होता.

"दादा, उद्या डोळे तपासतील."

"ठिपक्यांची चित्रं दाखवतात. त्यात आकडे लपलेले असतात," अनिश हळू आवाजात म्हणाला. "अडतीस पानं आहेत. सगळी पाठ केलीत मी. ठिपके कसे मांडलेत त्यावरून कळतं कुठलं पान ते."

"आणि सिग्नल?"

"तांबडा खाली असतो, हिरवा वर. जागा बघायची."

"आणि बाबांचा झेंडा? तो कुठल्या जागेवर असतो?"

त्यांचे बाबा, गुणाजी, रेल्वेत ट्रॅकमन होते. खाडीतली मासळी संपत गेली तसे ते रुळांवर कामाला लागले, त्याला आता तीस वर्षं होत आली. मुंब्र्याच्या पुढे आठ माणसं रुळावर वाकून काम करायची आणि त्यांच्यापासून बऱ्याच अंतरावर बाबा एकटे लाल झेंडा धरून उभे राहायचे. त्या झेंड्याच्या भरवशावर मागची माणसं मान वर न करता काम करायची.

"मी बाबांना सांगते," दक्षता उठली. अनिशने तिचा हात धरला, पण तो धरण्यात काही जोर नव्हता.

गुणाजी ओट्यावर बसून जाळं विणत होते. आता हे जाळं कुणी खाडीत टाकणार नव्हतं, पण सुट्टीच्या दिवशी हात स्वस्थ बसत नसत. दक्षताने त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. गेम, बांगडे, अडतीस पानं. बोलता बोलता तिला रडू यायला लागलं. दादाची नोकरी जाणार याचं तिला वाईट वाटत होतंच, पण त्याहून जास्त तिला भीती वाटत होती.

गुणाजींनी हातातली गाठ पुरी केली.

"आयेला सांगलंस?"

"नाय."

"नको सांगू."

"बाबा, अहो, उद्या तो गाडी घेऊन आला आणि समोर तुम्ही उभे असलात तर? तुमच्या हातातला झेंडा त्याला लाल दिसणारच नाय!"

"त्याचं ट्रेनिंग संपायला वर्ष जाईल," पुढच्या गाठीसाठी दोरा ओढत गुणाजी म्हणाले. "मी आठ महिन्यांत रिटायर होतोय."