पडदा शून्य धरून

अप्पांनी संकष्टीचा उपास सोडायला साफ नकार दिला. रक्तातली साखर उतरत चालली होती, हट्ट मात्र उतरेना.

"अप्पा, चंद्रोदय कधीच झाला. पंचांगातली वेळ धरा आणि जेवा," लेक नलिनी म्हणाली.

"ती सवलत ढगांपुरती. आज ढग कुठायत? तुझाच कॅमेरा बघ की!"

नलिनी काम करायची त्या वेधशाळेच्या गच्चीवरचा कॅमेरा रात्रंदिवस आभाळ मोजायचा आणि घरोघरी मोबाईलवर कळवायचा: ढग शून्य, आकाश निरभ्र. पृथ्वी निवावी म्हणून माणसांनीच वर पसरवलेल्या धुळीचा, चंद्र झाकणारा पांढरा पडदा तो मोजतच नसे. रोजचं 'पूर्ण ढगाळ' वाचून लोक वैतागतात, म्हणून पडदा शून्य धरायचा हुकूम निघाला होता. नलिनीनेच तो अमलात आणला, वर बढतीही पदरात पाडून घेतली.

"हा बघा, पडद्यामागचा चंद्र कॅमेऱ्याने टिपलाय."

"त्याने पाहिला, त्याचा उपास सुटला. माझा कसा सुटेल?"

तिने मोदक त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी तोंड फिरवलं. मग तिने खिडकीशी जाऊन एखाद्या खऱ्या ढगासाठी हात जोडले. खरं तर पुढचा अंदाज दुपारी तिनेच पाठवला होता: आठवडाभर निरभ्र.