सगळ्यांना गोवा हवा होता

चौऱ्याहत्तर साली कुपवाडच्या एका ओतशाळेच्या मालकांनी कामगारांना बायका-मुलांसह सहलीला न्यायचं ठरवलं. ठिकाण निवडायचा मान वर्षभरात सगळ्यांत चांगलं काम केलेल्या गुंडाला दिला, आणि बाकीची सगळी जुळवाजुळव फोरमन इलाहीच्या गळ्यात पडली.

सगळ्यांना गोवा हवा होता. गुंडा मात्र कोयनेच्या धरणावर अडून बसला.

“आरं गड्या, पाणीच बघायचं तर सांगलीत कृष्णा हाय की!” इलाहीनं परोपरीनं समजावलं. गुंडा बधला नाही.

घाटात पोरं ओकली, बायका घाबरल्या. मध्येच गाडी बंद पडली, तेव्हा सगळ्यांना उतरून ढकलावी लागली. धरणाच्या पाण्यापाशी पोचल्यावर तर जो तो इलाहीवरच खेकसला, “हितं काय बघायचं, फोरमन? नुसतं पाणी?”

इलाहीचं डोकं फिरलं. तो तरातरा गुंडाला शोधत निघाला. गुंडा सगळ्यांपासून लांब, काठावर बायकोच्या चपला हातात घेऊन उभा होता. शालूबाई गुडघाभर पाण्यात उतरली होती आणि लुगडं भिजत असल्याचं तिला भान नव्हतं.

“समद्यांची सहल वाया घालवलीस तू!” इलाही ओरडला. “आसं हाय तरी काय रं हितं?”



“हिचं माहेर हाय, फोरमन. धरण भरल्यापास्नं ही आलीच न्हवती.”