मांडवामागची खिडकी

बागबाजारातल्या आमच्या स्वयंपाकघराची खिडकी दुर्गापूजेच्या मांडवामागेच उघडते. यांची कलकत्त्याला बदली झाल्यापासून दर पूजेला सासरची सात-आठ माणसं पुण्याहून येतात. ती दिवसभर देवी पाहत हिंडतात; मी पोळ्या लाटताना खिडकीतून देवीची पाठ पाहते. नुसते बांबू आणि पेंढा.

यंदा सहाव्या वर्षी विसर्जनासाठी देवी ट्रकवर चढली, आणि ट्रक चक्क माझ्या खिडकीकडे वळू लागला.

"वहिनी, देवीचं तोंड तुमच्याकडेच होतंय, बघा!" वन्सं गल्लीतून ओरडल्या.

तेवढ्यात त्यांच्या परतीच्या प्रवासाच्या दशम्या करपल्याचा वास आला, आणि मी शेगडीकडे वळले.



जाताना देवीलाही माझी पाठच दिसली.