परतीचे दोन शब्द

जावई वारले आणि लेक नातीला घेऊन जपानहून माझ्याकडे आली. आता इथेच राहील, म्हणून मी मधल्या खोलीतलं कपाट रिकामं करून ठेवलं. नातीला मराठी येत नाही. तिच्याशी चार शब्द बोलता यावेत म्हणून मी म्हातारपणी जपानीचा क्लास लावला होता. "आजीबाईंचा गृहपाठ झाला का?" असं लेक तेव्हा फोनवर चिडवायची.

परत जायला तिकडे दोन शब्द आहेत. दुकानात छत्री विसरली म्हणून मागे फिरलो, तर मोदोरु. आपल्या घरी परतायचं, तर काएरु.

त्या दिवशी मी भांडी विसळत होते. नात आईचा हात ओढून काहीतरी विचारत होती.

"काय म्हणतेय गं?"

"काही नाही. खेळणी आणायला परत तिकडे कधी जायचं, विचारतेय."

"क्लासमध्ये झोपा नाही काढल्या मी. काएरु म्हणाली ती. तिला तिच्या घरी जायचंय." मी हात पुसले. "तिचं कळलं. तुझं काय? तू तिकडे गेलीस तर तो कोणता शब्द? आणि इथे आलीस, तो कोणता?"

लेक कोरडी झालेली वाटी पुसत राहिली.

"दोन्हीकडे मोदोरुच, आई. काएरु मी रोज ऑफिसातून निघताना फोन करून त्याला सांगायचे."